अर्जातली चूक आणि आपली लाज

(बोदलकसा, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया इथे विद्यार्थी आणि पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

विषय ठरला तेव्हा एका तरुण मित्रानं विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. नीटचा फॉर्म चुकला तर काय करायचं, हे तुम्ही कसं सांगणार?" प्रश्न रास्त आहे. फॉर्म कसा भरायचा ते सेतू केंद्रातला मुलगा आमच्यापेक्षा चांगलं सांगेल. पण फॉर्म चुकल्यावर माणसाचं जे होतं, म्हणजे पोटात गोळा येतो, घरी सांगवत नाही, रात्री डोळा लागत नाही, आणि मग एका चुकीवर दुसरी चूक रचली जाते, त्याचा विचार करणं हे आमच्याच विषयाचं काम. ग्रीकांनी ते केलं, बुद्धाच्या भिक्खूंनी केलं. तेव्हा आज थोडं तत्त्वज्ञान आणि थोडा नीटचा फॉर्म, असं दोन्ही बोलू.

दोन गोष्टींनी सुरुवात करतो. दोन्ही आमच्या ओळखीतल्या, पण नावं सांगणार नाही.

दोन चुका

पहिली गोष्ट अमेरिकेतली. आमच्या चुलतभावाची नात तिकडे वाढली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिकडची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांसाठी मिळून एक सामाईक अर्ज असतो, आणि त्यात स्वतःबद्दल एक निबंध लिहायचा असतो, जास्तीत जास्त 5,300 अक्षरांचा, मधल्या मोकळ्या जागा धरून. एकदा अर्ज पाठवला की तो निबंध बदलता येत नाही. त्यानंतर प्रत्येक कॉलेज आपापले वेगळे प्रश्न पाठवतं. त्यात एक प्रश्न हमखास असतो: आमचंच कॉलेज का? आता वीस-वीस कॉलेजांना अर्ज करणारी पोरं काय करतात? एक उत्तर लिहितात आणि कॉलेजचं नाव बदलून पुढे पाठवतात. हिनं तेच केलं, आणि एका ठिकाणी नाव बदलायचं राहिलं. म्हणजे एका कॉलेजला पत्र गेलं की आम्हाला फक्त त्या दुसऱ्या कॉलेजातच शिकायचं आहे! लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाचं नाव चुकावं, तसला प्रकार. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

दुसरी गोष्ट आपल्या तिरोडा तालुक्यातली. वडील कास्तकार, तीन एकर धान. मुलगी हुशार. फॉर्म भरला तालुक्याच्या गावी, एका नेट कॅफेत. भरणाऱ्या पोरानं विचारलं, "तुमची परिस्थिती गरिबीची ना?" ही म्हणाली, हो. त्यानं प्रवर्गाच्या रकान्यात ईडब्ल्यूएसवर टिक केली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक. शब्दाचा अर्थ पाहिला तर चूक काय? पण मंडळी, 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीनं आलेलं हे आरक्षण अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी यांच्या आरक्षणात जे बसत नाहीत, त्यांच्यातल्या दुर्बलांसाठी आहे. ही मुलगी ओबीसी. गरीब असूनही ती त्या रकान्यात बसत नव्हती. हे तिला मैत्रिणीकडून कळलं तेव्हा दुरुस्तीची मुदत संपलेली होती. तिला वाटलं, एक टिक तर आहे, बघू पुढे. तिनं दोन आठवडे कोणाला सांगितलं नाही.

आता आम्ही विचारतो, या दोन चुकांपैकी मोठी कोणती? लाजेच्या मापानं मोजलं तर अमेरिकेतली. ती पोरगी शरमेनं अर्धी झाली होती. पण त्या चुकीनं फसलं कोण? कोणीच नाही. वाचणाऱ्याला एका क्षणात कळलं असेल की नाव बदलायचं राहिलं. नुकसान झालंच तर तिचं एकटीचं. आणि तिरोड्याची टिक? ती दिसायला किती लहान! पण ती तशीच पुढे गेली असती तर ज्याचा त्या जागेवर खरा हक्क होता असं एखादं पोर बाहेर राहिलं असतं. ते कोण, हे हिला कधी कळलंही नसतं.

आजचा आमचा मुद्दा हाच. लाज आणि चुकीचा आकार यांचा मेळ बसत नाही. आपण कसे दिसू, हे लाज सांगते. कोणाचं काय बिघडेल, हे ती सांगत नाही. म्हणून चूक कळली की "लोक काय म्हणतील" हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि दोन प्रश्न विचारायचे. या चुकीमुळे कोणाची खरोखर दिशाभूल होते का? आणि ती तशीच राहिली तर कोणाचं जातं?

अपघात, चूक आणि अन्याय

ॲरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात, पाचव्या भागात, एक साधी विभागणी केली आहे. माणसाच्या हातून दुसऱ्याचं नुकसान होतं ते सगळं एका जातीचं नसतं. काही वेळा जे घडलं त्याची कल्पनाच करता येण्यासारखी नसते. तो अपघात. काही वेळा कल्पना करता आली असती, लक्ष दिलं असतं तर टळलं असतं, पण मनात वाईट काही नव्हतं. ती चूक. आणि जाणूनबुजून केलं, तर तो अन्याय. हे तीन वेगळे केले की पुष्कळ गोष्टी स्वच्छ दिसतात. सर्व्हर बंद पडला, हा अपघात. घाईत चुकीचा रकाना निवडला, ही चूक. खोटा दाखला काढून जागा घेतली, हा अन्याय.

पण यात एक बारीक गोष्ट आहे. ती आम्हाला वर्गात शिकवताना कळली नव्हती, आयुष्यात कळली. चूक आणि अन्याय यांच्यामध्ये भिंत आहे ती "ठाऊक असण्याची". आणि ही भिंत आपण जागेवर बसूनही ओलांडू शकतो. सोमवारी हातून चूक झाली, तेव्हा ती चूक होती. बुधवारी ती आपल्याला कळली. त्यानंतर गप्प राहिलो, तर गुरुवारपासून तीच टिक, तोच कागद, वेगळ्या जातीचा झाला. आपण नवीन काहीच केलं नाही, फक्त वाट पाहिली. तेवढ्यानं चुकीची लबाडी होते.

इथे आम्ही स्वतःची गोष्ट सांगायला हवी. नाहीतर दुसऱ्यांच्या मुलींच्या गोष्टी सांगणं सोपं आहे.

साल सांगत नाही, पण आम्ही तेव्हा पंचविशीत होतो आणि प्राध्यापकाच्या नोकरीसाठी अर्ज करत होतो. अर्ज टाइप करून घ्यायचे. आमच्या गल्लीतच एक टंकलेखक राहायचे, दादा म्हणायचो त्यांना. त्यांनी पाच अर्ज टाइप केले. त्यातल्या एकात एम. ए. पुढे "उच्च द्वितीय श्रेणी" ऐवजी "प्रथम श्रेणी" पडलं. आम्ही सही करताना वाचलं, आणि सही केली. मनात म्हटलं, गुण तर खाली आकड्यात लिहिलेले आहेतच, बघणारे बघतील. मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखतीच्या दिवशी तिथल्या कारकुनानं गुणपत्रिका पडताळली आणि विचारलं, हे काय? आम्ही पटकन म्हणालो, "टायपिस्टची चूक आहे."

ती टायपिस्टची चूक होती, हे खरं. ती आम्हाला कळली होती, हेही खरं. पहिलं खरं आम्ही दुसरं झाकायला वापरलं. नोकरी मिळाली नाही, त्याचं फार वाटत नाही, दुसरीकडे मिळाली. पण समितीतले एक सद्गृहस्थ दादांच्या ओळखीचे निघाले. त्यांनी दादांना ऐकवलं, आणि दादा आमच्या घरी येऊन आमच्या वडिलांची माफी मागून गेले. वडिलांसमोर आम्ही उभे होतो. तेव्हाही बोललो नाही. दादा आता नाहीत.

पन्नास वर्षं नीतिशास्त्र वाचलं आणि शिकवलं, पण "चूक कोणाची" आणि "जबाबदारी कोणाची" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. चूक नेटवाल्याची असू शकते. सही आपली असते.

न्यायालयं काय पाहतात

"पण सर, एवढ्याशा चुकीनं आयुष्य वाया जावं का?" हा प्रश्न मुलं विचारतात, आणि तो आपल्या न्यायालयांपुढेही आला आहे. तीन प्रकरणं सांगतो. नावं घेत नाही, कारण ती तुमच्यासारखीच मुलं आहेत.

एक, मुंबईचं, वैद्यकीयचं नाही पण अगदी जवळचं. 2020 साली आग्र्याच्या एका मुलाला देशात 270 वा क्रमांक मिळून पवईच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. आईवडिलांचं छत्र हरपलेला मुलगा. संगणकावर एक लिंक दिसली. आता आपली जागा पक्की झाली, पुढच्या फेऱ्या नकोत, असं समजून त्यानं ती दाबली. ती निघाली जागा सोडण्याची लिंक! मुंबई उच्च न्यायालयानं त्याची याचिका नोव्हेंबरमध्ये फेटाळली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन त्याला प्रवेश द्यायला सांगितलं.

दुसरं बिहारचं. पोलीस शिपाई भरतीत एका उमेदवारानं सायबर कॅफेतून अर्ज भरला. जन्मतारीख 18 डिसेंबर 1997, अर्जात पडली 8 डिसेंबर 1997. सगळे टप्पे पार केले आणि शेवटी या एका आकड्यावर त्याला बाद केलं. सर्वोच्च न्यायालयानं 2 जानेवारी 2024 ला निकाल दिला तो त्याच्या बाजूनं. विचार असा की चूक क्षुल्लक आहे आणि तिचा त्याला कसलाही फायदा झालेला नाही. दोन्ही तारखा धरल्या तरी तो वयात बसतच होता.

तिसरं आपल्या राज्यातलं, आणि दुःखाचं. सप्टेंबर 2021 ची नीट. सोलापूरच्या केंद्रावर पर्यवेक्षकांच्या हातून दोन विद्यार्थ्यांच्या प्रश्नपुस्तिका आणि उत्तरपत्रिका यांची सरमिसळ झाली. चूक मुलांची नव्हती. उच्च न्यायालयानं त्यांची फेरपरीक्षा घ्यायला सांगितलं. पण सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबरमध्ये तो आदेश रद्द केला. मुलांबद्दल सहानुभूती होती, पण दोघांसाठी वेगळी परीक्षा घ्या म्हणणं न्यायालयाला योग्य वाटलं नाही.

यातून काय घ्यायचं? न्यायालयात गेलो की सुटतो, असं नाही. पहिला सुटला, पण एका न्यायालयात हरून. तिसऱ्या प्रकरणात तर मुलांचा दोष नसताना दार बंद झालं. ज्यानं त्यानं आपली चूक सुधारून दिली पाहिजे, असा हक्क जगात कोणाला मिळालेला नाही. पण बिहारच्या प्रकरणात न्यायालयानं जो प्रश्न विचारला तो लक्षात ठेवा: या चुकीनं तुझा फायदा झाला का? आपण मघाशी विचारलेल्या दोन प्रश्नांचाच हा सख्खा भाऊ. ज्या चुकीनं आपला फायदा होत नाही, ती सांगायला सोपी. ज्या चुकीनं आपला फायदा होतो, ती सांगायची जास्त घाई.

मग करायचं काय

आता फॉर्मकडे येऊ. तुम्ही मोबाइल काढलात तरी चालेल, टिपून घ्या.

नीटचा अर्ज भरण्याची मुदत संपली की परीक्षा घेणारी राष्ट्रीय यंत्रणा, एनटीए, थोडे दिवस दुरुस्तीची मुदत देते. ती थोडक्या दिवसांची असते, आणि काही रकाने तिच्यातही बदलत नाहीत. कोणते, ते त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. म्हणून फॉर्म भरला त्याच संध्याकाळी त्याची प्रिंट घरी आणायची आणि घरातल्या दोघांनी मिळून वाचायची. एकानं दाखल्यावरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रिंटवर बोट ठेवायचं. नाव, आईवडिलांचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, फोटो. पंधरा मिनिटांचं काम. रोवणीच्या आधी आपण परहे नीट आहेत का ते बघतोच ना? तसंच.

प्रवर्गाच्या रकान्यापाशी आपल्या भागातल्या मुलांनी जास्त थांबायचं. महाराष्ट्राच्या यादीत भटक्या जमाती आहेत, विशेष मागास प्रवर्ग आहे. केंद्राच्या अर्जात हे रकानेच नाहीत. तिथे आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते पाहावं लागतं. देशपातळीवरच्या 15 टक्के जागांना केंद्राची यादी, राज्याच्या 85 टक्के जागांना राज्याची. राज्याच्या फेऱ्यांसाठी सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिथे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रिमीलेअर, अधिवास हे सगळं तपासलं जातं. हे दाखले एका दिवसात निघत नाहीत. बारावीच्या निकालाची वाट पाहत बसू नका.

एवढं करूनही चूक सापडली, तर तिला तीन ढिगांपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग: नुसती लाजेची चूक. निबंधात ऱ्हस्वदीर्घ चुकलं, पत्रात दुसऱ्या कॉलेजचं नाव राहिलं. दुरुस्तीची सोय असेल तर दुरुस्त करा, एका ओळीत कळवता येत असेल तर कळवा, आणि विषय संपवा. आमच्या नातीनं तसंच केलं. एका वाक्याची ईमेल आणि सोबत दुरुस्त उत्तर. त्या कॉलेजकडून मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. नाव खटकलं की गुण कमी पडले, कोण जाणे. दुसऱ्या ठिकाणी प्रवेश मिळाला.

दुसरा ढीग: ओळख पटण्याची चूक. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, फोटो. इथे कोणाचा हक्क जात नाही, पण कागद जुळले नाहीत तर तुम्हीच अडकता. कळल्या दिवशी लेखी कळवायचं आणि मूळ पुरावा सोबत जोडायचा.

तिसरा ढीग: ज्या चुकीनं आपल्याला नसलेला हक्क मिळतो. प्रवर्ग, उत्पन्न, अधिवास, गुण. इथे वाट पाहायची नाही, आणि वकिली करायची नाही.

पत्र कसं लिहायचं? पाच वाक्यांत. मी अमुक, अर्ज क्रमांक अमुक. माझ्या अर्जात अमुक रकान्यात अमुक माहिती चुकीची गेली आहे. बरोबर माहिती अमुक असून तिचा पुरावा सोबत जोडला आहे. ही चूक मला अमुक तारखेला लक्षात आली. नियमांनुसार शक्य ती दुरुस्ती करावी, आणि ती शक्य नसल्यास मी काय करावं ते कळवावं. झालं. "गरीब घरची आहे, दया करा" लिहू नका. "कॅफेवाल्यानं केलं" लिहू नका. तीन पानं माफी मागू नका, माफीच्या गर्दीत मुद्दा हरवतो. पाठवल्याची प्रत ठेवा. आणि चौथ्या वाक्यातली ती तारीख खरी लिहा. सगळ्या पत्रात खोटं लिहायचा मोह होतो तो तिथेच.

तिरोड्याच्या मुलीचं काय झालं

दोन आठवड्यांनी तिनं वडिलांना सांगितलं. वडील तिला घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, पोरीनं घोळ करून ठेवला जी." येण्याआधी त्यांना एकानं सल्ला दिलेला होता. उत्पन्नाचा दाखला तर आहेच, त्याच्यावरून ईडब्ल्यूएसचाही दाखला काढून घेऊ, कोण पाहते? वडिलांना तो पटत नव्हता, पण नाही म्हणायची हिंमत होत नव्हती. लेकीच्या आयुष्याचा प्रश्न होता. गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2016 साली 100 जागांनी सुरू झालं. त्याआधी आपल्या पोरांना नागपूरकडेच पाहावं लागायचं. घराजवळ कॉलेज आलं, आणि आपल्या पोरीचा नंबर एका टिकेपायी जातो की काय, हे त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आम्ही मुलीला एवढंच विचारलं, "बाई, तुझ्या नावानं ती जागा झाली तर कोण बाहेर राहील?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्यासारखंच कोणीतरी."

पत्र तिनं स्वतः लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं की आता बदल होणार नाही. देशपातळीवरच्या फेऱ्यांवर तिनं पाणी सोडलं. राज्याच्या नोंदणीत स्वतःचा खरा प्रवर्ग, खरे दाखले लावले. त्या वर्षी गुण थोडे कमी पडले आणि एमबीबीएसची जागा मिळाली नाही. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा परीक्षा दिली, फॉर्म स्वतः भरला, वडिलांनी प्रिंटवर बोट ठेवलं. आता ती शिकते आहे. खरं बोलली म्हणून जागा मिळाली, असं आम्ही म्हणणार नाही. ती अभ्यास केला म्हणून मिळाली. खरं बोलल्यामुळे मिळालं ते एवढंच की ती जागा तिची स्वतःची आहे.

डॉक्टरच्या बाबतीत हे जास्त का

तुम्ही म्हणाल, हे नियम कोणत्याही अर्जाला लागू आहेत. खरं आहे. पण डॉक्टर होणाऱ्याला जास्त लागू आहेत. 1999 साली अमेरिकेतल्या वैद्यकीय संस्थेनं एक अहवाल काढला, "टू एर इज ह्यूमन" नावाचा. टाळता येण्यासारख्या चुकांमुळे तिकडच्या रुग्णालयांत वर्षाला 44,000 ते 98,000 माणसं मरतात, असा त्यात अंदाज होता. जग हादरलं. पण त्या अहवालाचा रोख वाईट डॉक्टरांना शोधून काढा, असा नव्हता. चांगली माणसंही चुकतात, तेव्हा चूक सांगता येईल आणि वेळेत पकडता येईल अशी व्यवस्था करा, असा होता. शस्त्रक्रियेच्या शेवटी सुया आणि कापडाचे बोळे मोजतात ना, ते याच विचारातून. मोजणारी सिस्टर मोठ्या सर्जनला "थांबा, एक कमी आहे" म्हणू शकली पाहिजे, आणि सर्जनला त्याची लाज वाटता कामा नये.

अठराव्या वर्षी फॉर्मवरची चूक लपवायची सवय लागली, तर अठ्ठाविसाव्या वर्षी चुकलेला डोस कोण सांगणार?

आपल्याकडे गावोगावी विहारं आहेत, तुमच्यापैकी अनेकांना वर्षावास ठाऊक आहे. वर्षावासाच्या शेवटी प्रवारणा होते. भिक्खू संघापुढे एकेक करून म्हणतो की माझ्याकडून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तुम्हाला तशी शंका असेल, तर मला सांगा. बोलावून सांगा म्हणतो! पाली परंपरेत लाजेला वाईट मानलेलं नाही. हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे वाईट करण्याची आतून वाटणारी लाज आणि त्याच्या परिणामांची धास्ती, या दोघांना जगाचे रक्षक म्हटलं आहे. म्हणजे लाज हवी, पण ती लपवण्याची वाटली पाहिजे. चुकल्याची वाटून फार काही मिळत नाही.

आम्ही सकाळी तलावाच्या पाळीवरून फिरून आलो. पाळीला पाझर लागला तर पहिल्या दिवशी ओल दिसते, टोपलीभर मातीनं काम भागतं. पाहणाऱ्यानं "आपण पाळीवर काय करत होतो असं विचारतील" म्हणून तोंड बंद ठेवलं, तर खालच्या सगळ्या बांध्यांना ते भोगावं लागतं. आमचं म्हणणं इतकंच आहे.

प्रश्नोत्तरं

एक आई: मुलगा घरी सांगतच नाही. भीती वाटते त्याला. काय करावं?

ताई, तो तुम्हाला भितो की तुमच्या पहिल्या वाक्याला भितो, ते बघा. "तुला किती वेळा सांगितलं होतं" हे पहिलं वाक्य असेल तर पोर दुसऱ्यांदा येत नाही. "बरं झालं सांगितलंस, आता प्रिंट काढ" असं म्हणून बघा. रागवायचं असेल तर दुरुस्ती झाल्यावर रागवा, तेव्हा वेळ असतो.

एक विद्यार्थी: सर, कोणाला कळलंच नसतं आणि आपण सांगितल्यामुळे प्रवेश गेला, तर?

जाऊ शकतो. खोटं कशाला बोलू? पण "कळलंच नसतं" हे आज कसं सांगणार? दाखले प्रवेशाच्या वेळी तपासले जातात, नंतरही तपासले जातात, आणि तिसऱ्या वर्षाला असताना प्रवेश गेला तर जागा, पैसे आणि वर्षं तिन्ही जातात. हे झालं व्यवहाराचं उत्तर. तत्त्वाचं उत्तर असं की जे तुझं नव्हतं ते गेलं, त्याला "गेलं" म्हणतात का, हा विचार तू कर. उत्तर आजच दिलं पाहिजे असं नाही.

नेट कॅफे चालवणारे एक भाऊ: सर, चूक पोरं करतात आणि नाव आमचं होतं. दिवसाला चाळीस-चाळीस फॉर्म भरतो आम्ही.

भाऊ, तुमचं खरं आहे, आणि आमच्या दादांचंही तेच होतं. आमची विनंती एवढीच: शेवटचं बटन तुम्ही दाबू नका. खुर्ची फिरवा, पोरीला म्हणा, वाच आणि तूच दाब. दोन मिनिटं जास्त जातील. मग चूक झाली तरी ती तिची असेल, आणि ती सांगायची ताकदही तिच्यातच येईल.

  दादांची गोष्ट आम्ही आजवर चार लोकांत कधी सांगितली नव्हती. ती सांगायला पन्नास वर्षं लागली. तुम्ही एवढी लावू नका.